पापलेट खरंच संपतंय का? समुद्रातले मासे मोजतात कसे, यावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी पापलेटाचं माप कमी होत चाललंय असं जाता जाता दोन ओळींत लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादक म्हणाले या वेळचं सगळं सदर मासळीलाच देऊन टाका. दिलं. नवीन वाचकांसाठी सांगते, मी कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकवायचे आणि पोरापोरींना घेऊन पहाटे बंदरावर मासे मोजायला जायचे, त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं थोडं पुस्तकातलं आहे आणि बरंचसं ओल्या चपलांमधलं. पत्रं छाटली आहेत, नावं काढून गावं ठेवली आहेत.

प्रश्न : ताई, पेपरात वाचलं की भारतातले ९१ टक्के मासे "निरोगी" आहेत. आणि आमच्या मार्केटात कोळीणबाई बशीतही न भरणाऱ्या चार पापलेटांचे सातशे सांगते. खरं कोण बोलतंय, पेपर का कोळीण? (डोंबिवली)

दोघंही. फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत.

तो आकडा कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा, म्हणजे सगळे सीएमएफआरआय म्हणतात तिचा. त्यांनी २०२२ साली १३५ साठे तपासले आणि त्यातले ९१.१ टक्के ठीक निघाले. आता "साठा" म्हणजे काय, तर एका भागातली एका जातीची मासळी, जी आपापसातच वाढते. केरळकडचा बांगडा हा एक साठा, गुजरातकडचा बांगडा दुसरा. म्हणजे ते ९१ टक्के माशांचे नाहीत, टनांचे नाहीत, तुमच्या ताटातले तर नाहीतच, ते साठ्यांचे आहेत. मांदेलीलाही एक मत आणि घोळीलाही एकच मत. शाळेचा निकाल ९१ टक्के लागला म्हणून आपला बंड्या पास झाला असं होत नाही ना, त्याची मार्कशीट वेगळी बघावी लागते. आणि नापासात कोण बसलंय हेही बघावं लागतं, कारण मुशी, पाकट, घोळ असे मोठे, सावकाश वाढणारे, उशिरा गाबोळी (पोटात अंडी) धरणारे मासे छोट्या पटापट वाढणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त नाजूक असतात.

"ठीक" ठरवताना दोन प्रश्न विचारतात. एक, समुद्रात शिल्लक किती आहेत? दोन, आत्ता आपण किती वेगाने मारतोय? या दोन उत्तरांचा एक आलेख काढतात, त्याला चार घरं असतात, हिरवं, पिवळं, केशरी, लाल. जपानातल्या कोबे शहरात २००७ मध्ये ट्युनावाल्या संघटनांची बैठक झाली तिच्यावरून त्याला कोबे प्लॉट म्हणतात. यातली गंमत अशी की शिल्लक कमी असूनही मारण्याचा वेग आवरला असेल तर तो साठा सावरतोय असं धरतात. उलट शिल्लक भरपूर आहे पण वेग सुसाट आहे, तर आज पोट भरलंय आणि उद्याची खात्री नाही. बातमीत हे सगळं एका टक्क्यात कोंबतात आणि मग तुम्ही मला पत्र लिहिता.

राहिला भाव. भावावरून साठा अजिबात मोजू नका. गटारीच्या आदल्या दिवशीचा भाव आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारचा भाव बघा, समुद्रात तेवढ्यात काही घडलेलं नसतं. पण तुम्ही पत्रात "बशीतही न भरणाऱ्या" लिहिलंत ना, ते मात्र मी पेनाने अधोरेखित केलं. भावापेक्षा ते जास्त कामाचं आहे. पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे. समुद्रातले मासे मोजायला पाण्याखाली कॅमेरे लावतात की सॅटेलाइटने मोजतात? (अलिबाग)

बाळा, लाकडी फळीने मोजतात. थट्टा नाही करत. हातभर लांब फळी, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा आणि एका टोकाला आडवी पट्टी, पट्टीला माशाचं तोंड टेकवायचं आणि शेपटी कुठे येते ते वाचायचं. काही जाती शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात, काही शेपटीच्या खाचेपर्यंत, कारण बंदरावर येईपर्यंत शेपट्या झिजून फाटलेल्या असतात. एकजण मोजतो, एकजण लिहितो. लिहिणाऱ्याचे हात कोरडे हवेत हा पहिला नियम, आणि तो पहिल्या दहा मिनिटांत मोडतो.

पण कुठल्या बोटीचे मासे मोजायचे? इथेच खरी हुशारी आहे. आपल्या देशात शेकडो बंदरं, हजारो बोटी, कोणी पहाटे येतं कोणी रात्री, प्रत्येकाच्या मागे माणूस उभा करणं शक्यच नाही. म्हणून सीएमएफआरआयची वर्षानुवर्षं चालत आलेली नमुना पद्धत आहे. महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांतला एक दिवस चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा, तिथून पुढे दर दहा दिवसांत दोन-दोन दिवसांच्या तीन जोड्या. जोडीच्या पहिल्या दिवशी दुपारी १२ ते संध्याकाळी ६ बंदरावर बसायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी १२, आणि मधल्या रात्री काय उतरलं ते लोकांना विचारून घ्यायचं. पंधरापर्यंत बोटी लागल्या तर सगळ्या बघायच्या, जास्त लागल्या तर त्यातल्या काही निवडायच्या. आता तू म्हणशील चिठ्ठी कशाला, सोयीने जावं की. सोयीने गेलं की माणूस उधाणाच्या दिवसांतच जातो, कारण तेव्हा डोलीला, म्हणजे एका जागी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याला, पाण्याची ओढ चांगली मिळते, बोंबील दणकून येतो, बंदरावर मजा असते. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, ओढ मंद, जाळ्यात काही नाही, कोणाला जावंसं वाटतं? आणि मग तुझा सरासरी आकडा फुगतो. मासे न बघता फुगतो.

ससून डॉकला एकदा मी अशीच बांगड्याच्या टपाशेजारी फळी घेऊन बसले होते, वरचे वरचे चांगले मासे उचलून मोजत होते कारण तेच हाताला येत होते. शेजारी करंदी सोलत बसलेली म्हातारी बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "काय गो बाय, वरचं मावरं तर समद्यांनाच दिसतं, खालचं कवा मोजशील?" टपात मोठा मासा वर रचतात हे मला माहीत नव्हतं, डिग्री असून. त्या दिवशीचा सगळा कागद फाडला आणि टप पालथा करून पुन्हा मोजायला बसले.

आता मोजून होतं काय ते बघ. समजा एका महिन्यात पाचशे बांगडे मोजले आणि कोणत्या लांबीचे किती याचा आलेख काढला, तर एक-दोन उंचवटे दिसतात. उंचवटा म्हणजे साधारण एकाच सुमाराला जन्मलेली पोरं. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजलं की तोच उंचवटा थोडा उजवीकडे सरकलेला असतो, म्हणजे पोरं तेवढी वाढली. असं वर्षभर केलं की वाढीचा वेग मिळतो. डॅनियल पॉली वगैरे मत्स्यशास्त्रज्ञ मंडळींनी १९८०च्या सुमाराला हे कॉम्प्युटरवर बसवलं आणि आपल्यासारख्या गरम पाण्याच्या देशांचं मोठं काम झालं, कारण इकडच्या माशाचं वय त्याच्या अंगावरून वाचणं अवघड असतं (ते का, ते शेवटच्या प्रश्नात).

आणि उंचवट्याची उंची दर महिन्याला कमी होत जाते. ती का होते? कारण मासे मरतात. काही मोठ्या माशांच्या पोटात जातात, काही रोगाने, काही म्हातारपणाने, आणि काही आपल्या जाळ्यात. उतार जितका खडा तितकं मरण जास्त. एकूण मरणातून नैसर्गिक मरण वजा केलं की उरतं ते जाळ्याचं. जुना ढोबळ हिशोब असा की एकूण मरणात जाळ्याचा वाटा निम्म्याच्या वर गेला की सावध व्हायचं. हल्ली याहून बारीक मॉडेलं आहेत, पण पोटातली गोष्ट तीच, आपण मासे मोजत नाही, मासे कोणत्या वयात आणि किती वेगाने मरतायत ते मोजतो. म्हणून बशीत न भरणारं पापलेट मला सातशे रुपयांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. मोठी मासळी दिसेनाशी झाली म्हणजे मोठं होईपर्यंत कोणी जगतच नाहीये.

प्रश्न : ताई, आमची ट्रॉलर आहे. ट्रिपला मासळी पूर्वीइतकीच येते, कधी जास्तच. मग तुम्ही लोक साठा घटला म्हणता ते कोणत्या आधारावर? (पालघर जिल्हा)

दादा, तुमचं पत्र सगळ्यात आवडलं, कारण हा प्रश्न विचारायला शास्त्रज्ञांनाच उशीर झाला होता आणि त्यात एका आख्ख्या प्रदेशाचं वाटोळं झालं.

कॅनडात न्यूफाउंडलंडचा किनारा आहे, तिथला कॉड मासा शेकडो वर्षं युरोपला पुरलेला. १९६८ मध्ये तिथून ८ लाख टनांच्या वर कॉड काढला, मग घसरण, मग १९७७ मध्ये परदेशी जहाजं लांब ठेवली आणि सगळ्यांना वाटलं झालं आता, सावरेल. ऐंशीच्या दशकात साठ्याचा अंदाज बांधताना मोठ्या ट्रॉलरांना तासाला किती मासा मिळतो त्यावर बराच भर होता, आणि ट्रॉलरांना तर छान मिळत होता. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार मात्र ओरडत होते की मासा कमी येतोय आणि बारीक येतोय. त्यांचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. झालं असं होतं की कॉड कमी झाला तरी उरलेला कॉड थव्याने एका जागी गोळा होत होता, आणि ट्रॉलरवाल्यांकडे तो थवा हुडकायची यंत्रं होती. समुद्र रिकामा होत होता पण जाळं भरत होतं. २ जुलै १९९२ ला मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी मासेमारी बंद केली, दोन वर्षांसाठी म्हणून. सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. ती बंदी अधिकृतपणे उठायला २०२४ उजाडलं.

आता तुमच्या ट्रिपचं बघा. "पूर्वीइतकीच" म्हणजे पूर्वीची ट्रिप किती दिवसांची होती आणि आता किती? इंजिन किती हॉर्सपॉवरचं होतं? जीपीएस होता? फिश फाइंडर होता? डिझेल किती लागायचं आणि आता किती बॅरल जातं, बर्फ किती भरता? वडील कुठपर्यंत जायचे आणि तुम्ही कुठपर्यंत जाता? मी तुमच्यावर शंका घेत नाहीये, हे सगळं आम्ही विचारतोच, कारण मासळीला या सगळ्याने भागायचं असतं. ट्रिपला नाही, तासाला किती मिळाली ते बघायचं, आणि तो तासही आजचा आणि वीस वर्षांपूर्वीचा सारखा नसतो हे धरून बघायचं. म्हणूनच बोटवाल्यांच्या आकड्यांवर विसंबायचं नाही यासाठी वेगळं सर्वेक्षण लागतं. भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही सरकारी संस्था, मुख्यालय आपल्या मुंबईतच, स्वतःच्या जहाजांवरून ठराविक जाळं ठराविक वेळ ओढून बघते, मासा असो नसो. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, कधी रिकाम्या जागी जाळं टाकणार नाही, पण मोजणाऱ्याला टाकावं लागतं.

आणि एक विनंती, तुमच्या वडिलांच्या काळात एका पाटीत पापलेट किती बसायचे हे त्यांना विचारून मला कळवा. वजन नको. नग.

प्रश्न : मग उलटं पण असतं का? मासळी कमी उतरली म्हणजे साठा कमी, असं तरी म्हणता येतं का? (पुणे)

नाही म्हणता येत. ताजं आणि आपल्याच घरचं उदाहरण देते. २०१९ मध्ये महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी उतरली, ४५ वर्षांतला नीचांक. आदल्या वर्षी २.९५ लाख टन होती. हेडलाइन वाचून वाटतं समुद्र आटला. पण त्या वर्षी वादळांनी ठाण मांडलं होतं, जूनमध्ये वायू, पुढे हिक्का, ऐन हंगामात क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा. बोटी बंदरातच. जाळं पाण्यात गेलंच नाही तर मासा येणार कुठून? त्या घसरणीतली किती वादळांची आणि किती साठ्याची हे वेगळं काढायला तेच माप लागतं, तासाला किती आणि केवढ्या आकाराची.

आणि कधी कधी खरंच कमी होते पण दोष एकट्या जाळ्याचा नसतो. केरळची तारली बघा, तिथे तिला मत्ती म्हणतात आणि गरिबाचं जेवण ते. २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन. २०२१ मध्ये ३,२९७ टन. लाख नाही, नुसते टन! एल निनोने पाणी तापलं, तारलीचं खाद्य हललं, आणि वर आधीची काही वर्षं बारीक तारली बेसुमार उपसलेली, दोन्ही एकावर एक आलं. पुढच्या काही वर्षांत ती परत लाखाच्या पलीकडे गेली, कारण तारली अल्पायुषी, लवकर गाबोळी धरणारी, तिला उसळी मारता येते. घोळीला अशी उसळी मारता येत नाही.

प्रश्न : "कमाल शाश्वत उत्पादन" असा शब्द सरकारी कागदात येतो. मराठीत सांगाल का? (नागपूर)

तो मराठीतच आहे हो, पण तुमचं म्हणणं कळलं.

घरी दही लावता ना? रोज रात्री थोडं विरजण ठेवायचं, बाकीचं दही खायचं. चमचाभरही ठेवलं नाही तर उद्या दही नाही. आणि कोणी काटकसरी माणसाने पाऊण भांडं जुनं दहीच ठेवलं तर नव्या दुधाला जागाच नाही, उद्या जेमतेम वाटीभर मिळणार. मधे कुठेतरी अशी जागा आहे की रोज सगळ्यात जास्त दही खाता येतं आणि विरजण संपत नाही. समुद्र म्हणजे ते भांडं, त्यात अन्न आणि जागा ठरलेली. मासळी अगदी कमी असली तर पिल्लं कमी, भांडं गच्च भरलेलं असलं तर पिल्लांना खायला नाही. अगदी साध्या हिशोबात, शेफर नावाच्या माणसाने १९५४ मध्ये मांडलेल्या, ही मधली जागा बरोबर निम्म्यावर येते, म्हणजे कोणीच मासे न धरता समुद्रात जेवढे राहिले असते त्याच्या निम्मे.

अडचण ही की दह्याचं भांडं आपल्याला दिसतं. समुद्राचं दिसत नाही, शिवाय त्याला झाकण नाही, कधी पाणी तापतं, कधी खाडीत रसायन येतं, भांड्याचा आकारच वर्षागणिक बदलतो. म्हणून शहाणा माणूस त्या जागेच्या काठावर उभा राहत नाही, थोडं अलीकडे थांबतो. आणि आपल्याकडे एका जाळ्यात पन्नास जाती येतात, प्रत्येकीची ती मधली जागा वेगळी. बोंबलासाठी योग्य असलेली मासेमारी त्याच पाण्यातल्या घोळीला परवडतेच असं नाही. या प्रश्नाला सरळ उत्तर कोणाकडेच नाही, युरोपवाल्यांकडेही नाही.

प्रश्न : पट्टी घेऊन घरी आणलेलं पापलेट मोजलं. १४ सेंटिमीटर भरलं. कायद्यात बसतं म्हणे, पण पोटात गाबोळी नव्हती. मग असा कायदा काय कामाचा? (ठाणे)

पट्टी लावून मोजलंत! तुम्हाला मनापासून नमस्कार.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्याने ५४ जातींची किमान मापं ठरवली, त्यात पापलेटाचं १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमासा केलं, म्हणजे आधी मान दिला मग माप दिलं. तुमचं पापलेट पाच मिलिमीटरने पास झालं. पण तुमचा आक्षेप बरोबर आहे. खरं तर निम्म्या माद्या ज्या लांबीला गाबोळी धरतात त्या लांबीच्या खाली मासा धरूच नये, आणि ती लांबी पापलेटाला यापेक्षा बरीच मोठी असते. मग कायद्यात एवढं लहान का? कारण जाळ्यात पापलेट एकटं येत नाही. माप एकदम वर नेलं तर जाळ्यात आलेलं, मेलेलं पापलेट परत समुद्रात फेकायचं, एवढाच त्याचा अर्थ होतो, पिल्लू वाचत नाही ते नाहीच. म्हणून मापाचा कायदा हा खरा आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या भोकाच्या, कायद्याचा धाकटा भाऊ. ट्रॉलच्या शेपटाला, जिथे मासा गोळा होतो तिथे, ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावा असं सांगितलेलं आहे. चौकोनी का, तर नेहमीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ लागली की मिटतो, चौकोनी उघडा राहतो आणि पिल्लू जिवंत निसटतं. हे प्रत्यक्षात किती बोटींवर आहे ते मात्र मला विचारू नका, मी चिडते.

सातपाटीसारख्या गावांत स्वतः मच्छीमारच बारीक आसाच्या जाळ्यांविरुद्ध बोलत आलेत. पापलेटावरच तर गाव उभं आहे.

प्रश्न : पावसाळ्यातली दोन महिन्यांची बंदी पुरते का? (रत्नागिरी)

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. उपयोग नक्की होतो, अंडी घालणाऱ्या बऱ्याच माशांना उसंत मिळते, आणि खवळलेल्या दर्यात माणसंही वाचतात, त्याचा कोणी हिशोब धरत नाही. पण बंदी उठल्यावर पहिल्याच पंधरवड्यात सगळे एकदम तुटून पडले आणि जून-जुलैतली पिल्लंच जाळ्यात आली तर दोन महिन्यांचं पुण्य दोन आठवड्यांत संपतं. नारळी पौर्णिमेआधी दर्यात जायचं नाही हा कोळ्यांचा जुना रिवाज याच हिशोबाचा होता, फक्त कोणी त्याचा पेपर छापला नव्हता.

प्रश्न : मधे पालघरकडे एका बोटीला दीडशेच्या वर घोळ एकदम लागल्या, कोटी रुपये मिळाले. म्हणजे घोळ वाढलीय ना? (वसई)

ऑगस्ट २०२१ ची गोष्ट. १५७ घोळ, सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये. त्या कुटुंबाचं भलं झालं, मलाही आनंद झाला. भाव मासाचा नव्हता, पोटातल्या भोताचा होता, भोत म्हणजे माशाची हवेची पिशवी, तिला परदेशात सोन्यासारखी किंमत आहे. पण घोळ थव्याने एकत्र येणारा मासा आहे. वर कॉडची गोष्ट सांगितली ना, थवा सापडणं आणि मासे वाढणं या दोन गोष्टी वेगळ्या. त्या १५७ पैकी किती माद्या होत्या आणि कितींच्या पोटात गाबोळी होती हे कळलं असतं तर मी तुम्हाला काहीतरी सांगू शकले असते. बातमीत फक्त रुपये होते.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये असतो. इथे पाकिटावर निळ्या रंगाचं माशाचं चिन्ह बघून घेतो. भारतातल्या मासळीला असं काही आहे का? आणि त्यावर विश्वास ठेवावा का? (लेस्टर)

ते चिन्ह मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचं, १९९७ मध्ये सुरू झालेली संस्था. भारतात पहिल्यांदा ते मिळालं २०१४ मध्ये, केरळातल्या अष्टमुडी तलावातल्या शिंपल्यांना. म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या भावंडांना. शिंपले का, तर ते पळत नाहीत! एका जागी बसतात, एकच जात, काढणारे ठराविक लोक, मोजायला सोपे. पन्नास जातींच्या जाळ्याला असा दाखला मिळवणं महाकठीण आणि खर्चिक.

विश्वास ठेवा, पण एकदा ठेवला म्हणून कायमचा नको. तुमच्याच शेजारच्या उत्तर समुद्रातल्या कॉडला हे चिन्ह २०१७ मध्ये मिळालं आणि २०१९ मध्ये काढून घेतलं, कारण साठा पुन्हा घसरला. माझ्या मते ते काढून घेतलं म्हणूनच ठेवावा.

प्रश्न : ढोम्याच्या डोक्यात दोन पांढरे खडे निघाले. सासूबाई म्हणतात लकी असतात, जपून ठेव. नवरा म्हणतो किडनी स्टोन आहे. काय आहे ते? (गोरेगाव)

नवऱ्याला सांगा मासा ठणठणीत होता. ते त्याच्या कानातले खडे. जवळपास सगळ्याच माशांना असतात, ऐकायला आणि तोल सांभाळायला, पण ढोमा आणि घोळ यांच्या घराण्यात ते चांगले मोठे असतात म्हणून दाताखाली येतात.

खडा माशाबरोबर थराथराने वाढतो. त्याची पातळ चकती कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. थंड देशातल्या कॉडला हिवाळ्यात वाढ थांबल्याने वर्षाचं एक वलय स्वच्छ उमटतं, मोजलं की वय हातात. आपल्या कोमट समुद्रात हिवाळा कसला, त्यामुळे वर्षाची वलयं फिसकटलेली असतात, म्हणून तर आम्हाला फळी घेऊन उन्हात बसावं लागतं. पिल्लांच्या खड्यात मात्र रोजचं एकेक वलय असतं, अगदी बारीक, चांगलं यंत्र असेल तर पिल्लू किती दिवसांचं होतं तेही निघतं. एकदा एका पोरीने माझ्या लॅबमध्ये दिवसभर घासून चकती तयार केली, आणि शेवटच्या मिनिटाला जास्त घासली गेली, बोटाखाली नुसती पांढरी पूड. रडली बिचारी. नुकसान कसलं, मासा संध्याकाळी आम्ही खाल्ला.

तर खडे टाकू नका. डबीत ठेवा आणि सोबत चिठ्ठी, मासा कोणता, तोंडापासून शेपटीपर्यंत किती सेंटिमीटर, कोणत्या तारखेला कुठून घेतला. ढोमा चिरायच्या आधी मोजायचा मात्र, कढईत गेल्यावर सासूबाईंना विचारून उपयोग नाही.